भुशातल्या सात्या आणि आम्ही दोघी जावा

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी आसगावजवळच्या एका लहान गावात नांदायला आले. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात दोघे भाऊ. मोठे पवनी रोडवरच्या आरा मशीनवर लाकडं कापायला जायचे आणि लहान, म्हणजे माझा नवरा, घरच्या धानाच्या बांध्या पाहायचा. घर चालवायची ती माझी मोठी जाऊ.

पहिल्याच दिवशी तिने मला चूल दाखवली, पाण्याचे गुंड दाखवले, तांदळाची कोठी उघडून दाखवली. "हे सारं आता तुयंबी हाये," एवढंच म्हणाली. त्यानंतर कित्येक वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. भांडण असं कधी झालं नाही. मी तिला बाई म्हणायची, ती मला लहानी म्हणायची. सकाळी दोघी एकाच अंगणात भांडी घासायचो आणि मध्ये नुसता राखेचा आवाज.

तिची दोन बाळं जन्मून गेली होती, हे मला शेजारच्या बाईकडून कळलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा बाळंतपण तिनेच केलं. मेथीचे लाडू, शेकशेगडी, तेलपाणी, सगळं. पण मुलीला तिने एकदाही मांडीवर घेतलं नाही. पोर रडायला लागली की मला हाक मारायची आणि स्वतः विहिरीवर निघून जायची. मला वाटायचं, हिला माझ्या पोरीचा राग येतो.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा गावात बायकांचा बचत गट झाला. गटातल्या बायकांसाठी भंडाऱ्याला मशरूमचं प्रशिक्षण होतं. जायला कोणी तयार होईना. शेवटी आमची दोघींची नावं गेली, कारण आमच्या घरी अंगावर पिणारं मूल नव्हतं. एसटीत ती खिडकीशी बसली आणि पूर्ण रस्ताभर बाहेर पाहत राहिली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा तेवढी म्हणाली, "पानी कमी हाये औंदा."

प्रशिक्षणाच्या ठिकाणी एका अंधाऱ्या, ओलसर खोलीत दोरीला पिशव्या टांगलेल्या होत्या आणि पिशव्यांच्या चिरांतून शिंपल्यांसारखे पांढरे गुच्छ बाहेर आले होते. बाईने ते पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने बोलली, की तिचा तसा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"अवो, ह्या तं सात्याच होत ना व!"

सगळ्या बायका हसल्या. सात्या म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जंगलची अळंबी. ती मिळाली की त्या दिवशी घरात सण असतो. शिकवणारा मुलगाही हसला. म्हणाला, "हो काकू, त्यांचीच चुलत बहीण समजा. फक्त ही जंगलात शोधावी लागत नाही."

तो धानाच्या तणशीवर मशरूम कसे घ्यायचे ते शिकवत होता. आमच्या घरची तणस म्हशीलाच पुरत नव्हती. बाई उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, "बुराद्यावर नाई येत का? आरा मशीनचा बुरादा आमाले फुकट भेटते." तो म्हणाला, येतात, पण नुसत्या भुशात खायला काही नसतं. त्यात धानाचा कोंडा, डाळीच्या मळणीतलं कुटार असं काहीतरी पौष्टिक मिसळावं लागेल, आणि वाफ बराच वेळ द्यावी लागेल. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे न पाहता माझ्याकडे वळून बसली होती. "कोंडा आपल्या राइस मिलवर भेटते. लाखोळीचं कुटार तं घरीच हाये. ड्रम आनू एक. हो का नाई, लहानी?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मशरूममध्ये मला काहीच रस नव्हता. ती माझ्याशी बोलत होती, म्हणून हो म्हटलं.

गोठ्याच्या बाजूला एक कुडाची खोली रिकामी होती. ती शेणामातीने लिंपली, आतून चुना मारला. मोठे आरा मशीनवरून सायकलवर भुशाची पोती आणायचे. पहिल्या खेपेला आम्ही सगळं सांगितल्यासारखं केलं. भुसा रात्रभर भिजवला, निथळवला, कोंडा आणि थोडा चुना मिसळला, पिशव्या भरल्या, ड्रममध्ये वाफवल्या, गार झाल्यावर बियाणं टाकलं. गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं ते बियाणं भंडाऱ्याहून आणलं होतं. रोज सकाळी बाई पिशव्यांना हात लावून पाहायची. पण त्यात काहीच होईना. दाण्यांभोवती थोडं पांढरं आलं आणि तिथेच थांबलं.

शिकवणाऱ्या मुलाला फोन केला. त्याने विचारलं, "भुसा कोणत्या लाकडाचा आहे?" मोठ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "सागवानच कापून राहिलो ना महिनाभर." सागाच्या लाकडाला बुरशी धरत नाही, म्हणून तर लोक दारं-खिडक्या त्याच्या करतात. आम्ही मात्र त्याच भुशात बुरशी वाढवायला निघालो होतो. मोठे बिचारे असे ओशाळले, की त्या दिवसापासून मशीनवर आंबा किंवा सावर कापायला आलं की त्याखाली वेगळं फडकं अंथरून तो भुसा बाजूला काढायचे. मालक त्यांना हसायचा.

दुसऱ्या खेपेला आंब्याचा भुसा होता, पण बाईने कोंडा घालताना हात सैल सोडला. "खाऊ दे ना व पोटभर," म्हणायची. आठवड्यात पिशव्या आतून गरम लागायला लागल्या आणि मग हिरव्यागार झाल्या. दुसरीच बुरशी लागली होती. त्या पिशव्या आम्ही दोघींनी उकिरड्यावर नेऊन पुरल्या. खड्ड्यावर माती लोटता लोटता ती खाली बसली आणि रडायला लागली. मी घाबरले. एवढ्याशा गोष्टीसाठी रडणारी बाई नव्हती ती.

"माया हातात काही जगतच नाई, लहानी," ती म्हणाली.

मग तिथेच, उकिरड्याच्या कडेला बसून तिने मला तिच्या बाळांचं सांगितलं. पहिला मुलगा होता, सव्वा महिन्याचा होऊन गेला. दुसरी मुलगी, तिने डोळेच उघडले नव्हते. त्यानंतर कोणाच्या घरी पाळणा हलला की बायका तिला दारातूनच विचारायच्या, कशाला आलीस म्हणून. "म्हनून मी तुया पोरीले कधी घेतलं नाई. तिले काही झालं असतं तं लोकायनं मायंच नाव घेतलं असतं. अन् मलेबी भेव वाटे, खरंच मायाच हाताचं असन तं."

तिचे हात मातीने भरलेले होते, माझेही. मी तिचा हात धरला आणि आम्ही तशाच बसून राहिलो. म्हैस हंबरली तेव्हा उठलो.

संध्याकाळी मुलगी शाळेतून आली. मी तिला म्हटलं, "जा, मोठ्या आईजवळ बस, तुझी वेणी घालून देईल." बाईने माझ्याकडे पाहिलं. कंगवा शोधायला तिला बराच वेळ लागला. मग तिने एवढी घट्ट वेणी घातली, की पोरीच्या भुवया वर गेल्या. पण पोर हूं की चूं करेना.

तिसरी खेप आम्ही भीत भीत केली. भुशाच्या ढिगातून मूठ भरून दाबायची. पाण्याचा थेंब पडला नाही पाहिजे, पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे. कोंडा या वेळी मी मोजून घातला आणि ती नुसती पाहत राहिली. वाफ जवळजवळ दिवसभर दिली. चुलीत ढिलपे सारत ती अंगणात बसून होती, जेवायलाही उठली नाही. पंधरा-वीस दिवसांत पिशव्या पांढऱ्या झाल्या, वरपासून खालपर्यंत. तिने एक उचलून कानाजवळ नेली, मग माझ्या हातात दिली. "पाय, दह्यासारखी जमली." तेव्हापासून आमच्या घरात पिशवी जमली, पिशवी नाही जमली, असंच म्हणायचो.

चिरा दिल्या, पाणी शिंपडायला लागलो, आणि एका सकाळी ती ओरडत अंगणात आली. आम्हाला वाटलं, साप निघाला. माझा नवरा काठी घेऊनच धावला. ती खोलीच्या दाराशी उभी होती आणि हसता हसता तिला बोलता येत नव्हतं. चिरेतून मोहरीएवढे दाणे डोकावत होते.

ती पहिली भाजी आम्ही विकली नाही. लसूण आणि लाल मिरचीवर परतली, वर थोडी जवसाची चटणी. मोठे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मायाच लाकडाची होय का हे?" आणि पुन्हा वाढून घेतली.

आसगावच्या बाजारात सुरुवातीला फार त्रास झाला. बायका हात लावून पाहायच्या आणि विचारायच्या, कोणत्या जंगलातल्या? आम्ही घरच्या म्हटलं की तोंड वाकडं. "बुराद्यावरच्या? लाकडाच्या कचऱ्यावरच्या सात्या कोन खाईन व?" बाईने यावर उपाय काढला. घरूनच डब्यात शिजवलेली भाजी न्यायची आणि येईल तिला चमच्याने तळहातावर द्यायची. "खाऊन तं पाय. नाई आवडली तं नको घेऊ." माणसांत न मिसळणारी, कोणाच्या घरी पायरी न चढणारी ती बाई बाजारात मोठमोठ्याने बोलायची. एकदा एका मास्तरने विचारलं, हे शाकाहारी आहे ना? ती म्हणाली, "झाडावानीच हाये गुरुजी, फक्त उन्हात जात नाई." लोक तिच्याशी बोलायलाच आमच्या टोपलीजवळ थांबायचे. दिसण्यात आमचं काहीच जुळत नव्हतं, ती उंच आणि सावळी, मी बुटकी. तरी सगळे आम्हाला बहिणीच समजायचे. आम्हीही कोणाला सुधारलं नाही.

ते दिवस चांगले होते. कुडाच्या खोलीच्या जागी विटांची लांब खोली बांधली. उन्हाळ्यात काम बंद, पण पावसाळ्यापासून होळीपर्यंत पिशव्या टांगलेल्या असायच्या. माझी मुलगी अभ्यासाला मोठ्या आईजवळच बसायची, जेवायलाही तिच्याच ताटात. मी रागावले की तिच्या मागे जाऊन लपायची. गावातल्या एका घरी बारसं होतं तेव्हा त्या घरची सासू स्वतः येऊन बाईला बोलावून गेली. बाई ठेवणीतलं पातळ नेसून गेली आणि परत आल्यावर तशीच चुलीजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मायाजवळ देल्लं त्यायनं बाळ. पाळण्यात मीच टाकलं."

खोकला केव्हा सुरू झाला, ते मला नीट सांगता येत नाही. नवीन खोली झाल्यावरच्या हिवाळ्यात असावा. कोरडा खोकला. संध्याकाळी अंगात कणकण यायची आणि सकाळी उतरायची. ती म्हणायची, धुळीचं होय. वीटकामाची धूळ, भुशाची धूळ. मलाही तसंच वाटलं. मग विहिरीवरून गुंड आणताना ती मध्येच थांबायला लागली. आधी एकदा, मग दोनदा. अंगावरचं मांस उतरलं. गावच्या दवाखान्यात औषध झालं, पवनीला झालं. टीबी असेल म्हणून थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. तरी ती आपलं ताट वेगळं ठेवायला लागली आणि मुलीला जवळ येऊ देईना. पोर दाराबाहेर उभी राहून रडायची.

मध्ये तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. तिकडे ती बरेच दिवस राहिली. परत आली तेव्हा चेहरा भरलेला, खोकला जवळजवळ गेलेला. आम्हाला वाटलं, सुटलो. घरी आली त्याच दिवशी पदर खोचून खोलीत शिरली आणि पिशव्यांची तोडणी केली. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला आणि श्वास असा लागला, की माझ्या नवऱ्याने गावातली गाडी करून तिला भंडाऱ्याला नेलं. तिथून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. फोटो पाहिले, छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि मग विचारलं, "तुम्ही काम काय करता?" बाई अभिमानाने म्हणाली, "मशरूम." डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. खोली केवढी, खिडक्या किती, तोडणी कोण करतं, लग्नाला गेल्यावर बरं वाटलं होतं का, असं सगळं विचारून घेतलं. मग मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं.

मशरूम पिकले, कडा वर वळल्या की त्यातून पीठ झडतं. ते आम्हाला माहीत होतं. सकाळच्या उन्हाची तिरीप खोलीत आली की त्यात पांढरा धूर तरंगताना दिसायचा, जमिनीवर पिठूळ थर बसायचा. बाई तो रोज झाडून काढायची. ते पीठ छातीत जाऊन बसत होतं. सगळ्यांना होत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एखाद्याच्याच अंगाला ते सोसत नाही, आणि मग छाती आतून आखडत जाते. आखडलेली परत मोकळी होत नाही.

"मलाच काहून नाही झालं?" मी विचारलं. "आम्ही दोघी बरोबरच काम करतो."

"त्याला उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "आता मात्र त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तुमच्या कपड्यांनाही ते लागून येतं, तेवढंही त्यांना चालणार नाही."

घरी आल्यावर मी म्हटलं, बंद करू. ती ऐकेना. "तू कर. मी आंगनात बसतो. तुया एकटीच्यानं होत नसन तं गटातली एक बाई घे." मी तसंही करून पाहिलं. काम संपलं की गोठ्यामागे आंघोळ करायची, कपडे तिथेच भिजवायचे, केस बांधायचे आणि मगच घरात यायचं. ती दूर, आंब्याखाली खाटेवर बसलेली असायची. भुसा मिसळायचं कामही तिला नव्हतं, कारण धूळ. तिथून ती ओरडून विचारायची, "जमल्या का व?" मी ओरडून सांगायची, जमल्या. "कोंडा जास्त तं नाई पडला?" नाही पडला. "पान्याचा फवारा मारला?" मारला. हळूहळू तिला ओरडता येईना. मग ती नुसता हात वर करायची आणि मी मान हलवायची.

एका बाजाराच्या दिवशी मी लवकर परतले. आंब्याखाली खाट रिकामी होती. घरात पाहिलं, विहिरीवर पाहिलं. मग खोलीचं दार ढकललं. ती आत होती. नाकाला ओला पदर बांधून, पिशव्यांच्या रांगेत जमिनीवर बसली होती. तोडणी करत नव्हती, काहीच करत नव्हती.

"बाई! उठा! बाहेर चला आधी!"

"थांब ना जराशीक."

"काहून असं करता? डॉक्टरनं सांगितलं तुमच्यासमोर!"

तिने पदर खाली केला. "तिथं आंब्याखाली बसून का करू, सांग. लोक येते, बरं हाये का म्हनते, जाते. इथं कोनी काई पुसत नाई." मग पिशवीच्या चिरेतून आलेल्या कोवळ्या गुच्छाकडे पाहत म्हणाली, "हे माया हातानं जगलं, लहानी. एवढं सारं जगलं."

मी तिला ओढत बाहेर काढलं. माझ्यात एवढी ताकद कुठून आली, कोण जाणे. ती फार हलकी झाली होती. अंगणात आल्यावर मी तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. मग दोघी रडलो. तिला रडणंही झेपेना, खोकला लागला. मी तिची पाठ चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने आणि मोठ्यांनी सगळ्या पिशव्या काढल्या. पांढऱ्या झालेल्या, फुटलेल्या, अजून जमायच्या राहिलेल्या, सगळ्या. बैलगाडीत भरून शेतात नेल्या आणि बांधीत पसरून नांगर फिरवला. खोली फिनाइलने धुतली, पुन्हा चुना मारला. त्या दिवसापुरतं बाईला आम्ही शेजाऱ्यांच्या घरी ठेवलं होतं. मोठे संध्याकाळी तिला आणायला गेले. येताना तिने त्या उघड्या दाराकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी चुलीजवळ तोंड लपवून बसले होते.

मोठ्यांनी त्यानंतर आरा मशीन सोडली. कपड्यांवर भुसा येतो म्हणून. ते पुढे आमच्याबरोबर शेतातच राबले.

आम्हाला वाटलं होतं, कारण सापडलं, काम बंद केलं, आता ती बरी होईल. थोडे महिने बरी राहिलीही. मुलीच्या वेण्या घालायची, बसून भाजी निवडायची. पण आखडलेली छाती मोकळी झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात दमट हवेने तिला जेरीस आणलं, आणि थंडी सुरू झाली तशी ती खाटेवर बसूनच झोपायला लागली, उशांना टेकून. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणलं होतं. वीज गेली की आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो, आणि मोठे पंखा घेऊन तिला वारा घालायचे, जसं काही त्याने होणार होतं.

ती सकाळी गेली. मी तिला चहा पाजत होते. दोन घोट घेतले, तिसरा नको म्हणून मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, दमली. मी तशीच बसून राहिले, कप हातात धरून. मोठे आत आले, त्यांनी पाहिलं, आणि यंत्र बंद केलं. तो आवाज थांबला तेव्हा मला कळलं.

विहारातली मंडळी आली, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. शेवटचं पाणी तिने पाजलं. नातेवाइकांत कुजबूज झाली, मूलबाळ नाही तर हे कोण करतं म्हणून. मोठ्यांनी वळून सांगितलं, "लेक हाये ना तिची."

राग कोणावर काढायचा, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या गोष्टीने तिला माणसांत आणलं, माझ्याशी बोलतं केलं, तिनेच तिचा श्वास नेला. भुसा टाकाऊ होता, कोंडा टाकाऊ होता, कुटार जनावरांपुढे टाकायचं. त्यातून आम्ही काहीतरी उभं केलं, त्याचा तिला केवढा आनंद होता. शिकवणाऱ्या मुलाला कळलं तेव्हा तो गाडीवर आला आणि ओसरीत खूप वेळ मान खाली घालून बसला. म्हणाला, "मी तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगितलं होतं ना काकू?" सांगितलं होतं, आणि आम्ही बांधतही होतो, उन्हाळ्यात कोणी बांधतं तसं, जमेल तेव्हा. मी त्याला दोष दिला नाही. चहा करून दिला.

गटातल्या बायका म्हणतात, तुला तर काही होत नाही, पुन्हा सुरू कर. माझा नवराही एकदा म्हणाला. मला ते नको. त्या खोलीत आता धानाची पोती असतात.

गेल्या वर्षी मी आसगावच्या बाजारात मिरच्या घेत होते. एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आमची जुनी गिऱ्हाईक, दर आठवड्याला तळहात पुढे करून आधी भाजी चाखणारी. मधली काही वर्षं ती मुलाकडे पुण्याला होती.

"बुराद्याच्या सात्या नाई आनत का आता?"

"नाही मावशी. बंद केलं."

"अन् तुयी बहीन कुठं गेली? ते उच्ची. लय हासवे बाई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी आहे."

"बरी हाये ना?"

"बरी आहे."

"तिले सांग, मावशीनं पुसलं म्हनून."

"सांगते," मी म्हटलं आणि मिरच्या न घेताच निघाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खरं सांगाचं होतं ना तिले." मी म्हटलं, पुढच्या बाजाराला सांगेन. पण पुढच्या बाजाराला मी मिरचीवाल्यांच्या ओळीकडे गेलेच नाही. मागच्या बाजूने गेले, मीठ घेतलं आणि परत आले.